वळणावरचा हात

हिवाळ्यात आमच्याकडचा रस्ता दिसण्याआधी ऐकू येतो. हरभऱ्याला घाटे धरण्याच्या दिवसांत पिंपळगाव राजाच्या बाहेर उजाडू लागतं, तेव्हा हवेत असा काही निर्मळ ताठरपणा भरलेला असतो की साधा आवाजही न विरता दूरवर जातो. आणि त्या हवेत डांबरावर पडणाऱ्या तीन जोड बुटांचे आवाज मला डोळे मिटूनही वेगळे सांगता येतात. सगळ्यांत पुढचा हलका आणि एकसारखा, तो प्रज्ञाचा, माझ्या मुलीचा. मधला थोडा घासत येणारा, तो माझा. डावं पाऊल मी पुरतं उचलत नाही असं घरातल्या दोघांचंही मत आहे आणि ते मला वरचेवर ऐकवलं जातं. आणि मागून येणारा भरदार, धप्प धप्प, किल्ल्यांच्या खुळखुळाटासकट, तो प्रज्ञाच्या पप्पांचा. त्यांचं गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून ते त्या पुन्हा चालत्या करतात. दुकानाच्या किल्ल्या धावतानाही त्यांच्या खिशात असतात. घरी ठेवल्या तर हरवतील असं त्यांचं म्हणणं, आणि आजवर एकदाही हरवल्या नाहीत यावरून ते म्हणणं सिद्ध होतं, हेही त्यांचंच म्हणणं!

एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशावरून ओळखतात? आपण चेहऱ्यावर फार विसंबतो. चेहरा मात्र मोठा बनेल असतो. पाहुणे आले की तो हसतो, निकाल लागला की तो गंभीर होतो, आणि आत काय चाललं आहे याचा थांग लागू देत नाही. पावलांना ही कला साधलेली नसते. प्रज्ञा रुसलेली असली की तिची टाच आधी पडते. दुकानात एखादी मोटर बिघडून परत आलेली असली की तिच्या पप्पांचं पाऊल जड होतं आणि किल्ल्यांचा ताल चुकतो. सकाळच्या त्या धावण्यात आम्ही तिघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसू, तेवढा दमच नसायचा. तरी घरी पोचेपर्यंत कोणाचं काय बिनसलं आहे हे सगळ्यांना कळलेलं असायचं. मी शाळेत मराठी शिकवते, दिवसभर शब्दांतच वावरते, म्हणून असेल कदाचित, पण दिवसाचा हा पहिला प्रहर बिनशब्दांचा जातो याचं मला फार सुख वाटतं.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या शुगरपासून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. घरात बैठक बसली आणि मी एकटीने रस्त्यावर जायचं नाही, सगळ्यांनीच जायचं, असं ठरलं. विहारासमोरच्या पटांगणातून आम्ही निघायचो, शेवटच्या घरापुढे डांबरी रस्त्याला लागायचो आणि बाभळीच्या वळणावरून पुढे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापर्यंत, रपट्यापर्यंत, जाऊन परतायचो. प्रज्ञा तेव्हा लहान होती. लहान मुलाला चालणं जमत नाही, ते पळतंच. ती पळाली म्हणून तिचे पप्पा पळाले, आणि दोघं पळाल्यावर मी एकटी मागे कशाला राहू? अशा रीतीने एका औषधाचा छंद झाला आणि छंदाचं वेड. गावाला ते पचायला वेळ लागला. शाळेतल्या बाईंनी पायात बूट घालून रस्त्याने पळावं हे दृश्य कोणालाच सवयीचं नव्हतं. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणारी एक आजी एकदा वाटेतच थांबली आणि खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाली, “काऊन पयता वो बाई? कोन मांगं लागलं तुमच्या?” कोणी नाही, असं सांगितल्यावर तिने आमच्या मागचा सगळा रस्ता एकदा नीट पाहून घेतला. तिचं तरी काय चुकलं? माणूस पळतो तो एसटी चुकू नये म्हणून, नाहीतर बैल सुटला म्हणून. काही मिळवायचं नसताना आणि काही टाळायचं नसताना घाम गाळणारी माणसं तिने कधी पाहिलीच नव्हती.

मग तो बाभळीजवळचा प्रसंग घडला. त्या साली रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर होती, डोक्याच्या वर गेलेली. वळण घेतलं की मागचं माणूस दिसेनासं व्हायचं. त्या दिवशी माझी शुगर एकाएकी उतरली. हातापायांतलं बळ कोणी काढून घ्यावं तसं झालं आणि डोकं दोन्ही हातांत धरून मी बांधावर बसले. हाक मारावी असं वाटत होतं, पण हाक कशी मारतात तेच आठवेना. पुढचे दोघं आपल्या नादात रपट्याला पोचले तेव्हा कुठे त्यांना कळलं की तिसरा आवाज येत नाही आहे. सगळ्यांत आधी परत आली ती प्रज्ञा. पप्पांनी दिलेला गुळाचा खडा तिने माझ्या तोंडात कोंबला, आणि मी माणसांत आल्याबरोबर ती रडू लागली. ते रडणं भीतीपेक्षा रागाचं होतं. “सांगाले काय झालं होतं तुले?” ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्याच दिवशी आमच्या घराचा कायदा ठरला. वळण आलं की पुढे असेल त्याने मागे वळून पाहायचं. मागच्याने हात वर करायचा. हात वर म्हणजे सगळं ठीक, चालू द्या. हात दिसला नाही तर असेल तिथून परत फिरायचं. आणि गुळाचा खडा यापुढे माझ्याच खिशात राहील. घरं चालतात ती अशाच बारक्या कायद्यांवर, नाही का? कोणाच्या घरी दारावरची कडी वाजवण्याची एक रीत असते, कोणाच्या घरी पोचल्याचा फोन केल्याशिवाय दुसरं माणूस जेवत नाही. बाहेरच्याला ही वेडगळ वाटणारी कलमं असतात; आतल्यांची सगळी झोप त्यांच्यावर अवलंबून असते. त्या दिवसापासून तिचे पप्पा सगळ्यांत मागे राहू लागले. बाभळीच्या वळणावर प्रज्ञाची वेणी गर्रकन फिरायची, माझा हात वर व्हायचा, माझ्या मागे किल्ल्या खुळखुळायच्या, आणि आम्ही पुढे जायचो.

हळूहळू आम्ही शर्यतींना जाऊ लागलो. आजूबाजूच्या गावी, पलीकडच्या जिल्ह्यात, कुठे लांब पल्ल्याची धाव आहे असं कळलं की तिघांचीही नावं जायची. छातीवरचा नंबर पिनांनी नीट बसत नाही म्हणून प्रज्ञाचे पप्पा त्याला दुकानातली काळी टेप लावत, आणि त्या टेपवरून आम्ही गर्दीतही एकमेकांना ओळखत असू. शर्यतीतही कायदा तोच. एकदा माझा श्वास लागला, मी कडेला उभी राहिले आणि हात वर करायचा राहून गेला. तर कितीतरी पुढे गेलेली प्रज्ञा लोकांच्या विरुद्ध दिशेने धावत परत आली. आम्ही तिघं हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मंडप उतरवणं सुरू झालं होतं. मंडपवाल्यांनी हातातले बांबू खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला किती अभिमान वाटला होता! सगळ्यांत शेवटी येण्यातही एक थाट असतो, असं मी शिक्षकांच्या खोलीत महिनाभर सांगत होते.

पण मुली मोठ्या होतात. आणि कधी कधी त्या आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा चांगल्या धावपटू निघतात. कॉलेजात गेल्यावर खामगावच्या एका क्रीडाशिक्षकांनी प्रज्ञाला हेरलं आणि मैदानावरच्या लांबच्या धावेत उतरवलं. आम्ही दोघं पाहायला गेलो होतो. सुरुवातीला ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिच्या पप्पांनी शेजारच्या अनोळखी माणसाला ती आपली मुलगी असल्याचं सांगूनही टाकलं होतं. मग मैदानाचं पहिलं वळण आलं. प्रज्ञाने मान वळवून मागे पाहिलं. मागे कोण होती? कुठल्या तरी गावची एक अनोळखी मुलगी. प्रज्ञाचा वेग मंदावला. ती हाताची वाट पाहत होती! मागच्या मुलीने कशाला हात वर करावा? ती आतल्या अंगाने पुढे निघून गेली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. मैदान म्हणजे तरी काय, वळणांचीच जागा; शर्यत संपेपर्यंत माझी पोर एकेका वळणावर एकेकीला वाट देत मागे मागे येत गेली. लोकांना हसू येत होतं. मला मात्र रडू येत होतं, कारण ती काय करते आहे हे त्या अख्ख्या मैदानात फक्त आम्हा दोघांना कळत होतं.

सर भले माणूस होते. त्यांनी सुनावलं, पण हळू आवाजात. “मॅडम, पोरगी पयते चांगली. पन तिचं अर्धं ध्यान मांगं राह्यते. तुम्ही घरचे लोकं काही दिवस तिच्यासंग धावू नोका.” प्रज्ञा शेजारीच बुटाची नाडी सोडत बसली होती. “मी काय करू आई,” ती म्हणाली, “मान आपोआप फिरते.”

ते वाक्य मला कित्येक दिवस पुरलं. आपण लेकरांना प्रेमाने काही शिकवतो आणि ते त्यांच्या हाडीमासी इतकं खिळतं की पुढे तेच त्यांच्या आड येतं. मग प्रेमाने शिकवलेलं पुन्हा काढून कसं घ्यायचं? तिचे पप्पा सरळ माणूस. “आपनच थांबू मंग,” ते म्हणाले. मला ते मान्य नव्हतं. मी हट्टी आहे, आणि खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं होतं. जिने मला गुळाचा खडा भरवला तिलाच माझ्यापासून दूर ठेवा म्हणणं, हा काय न्याय झाला? शिवाय घाटाच्या शर्यतीला आम्ही तिघांनीही नावं दिलेली होती. मोताळ्याच्या बाजूने राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचायचं, अशी ती शर्यत. आमच्यासाठी ती नेहमीसारखीच एक हौस होती. प्रज्ञासाठी मात्र तसं नव्हतं. मुलींमधल्या पहिल्या काही जणींना बाहेरगावच्या वसतिगृहात ठेवून पुढचा सराव देणार होते. तिला तिथे जायचं होतं. तिने ते बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या दिवसांत तिचं पाऊल किती हलकं पडत होतं!

शेवटी मी तिच्याकडून कबुली घेतली. “मागं पाहायचं नाही.” ती “हाव” म्हणाली. “वळण आलं तरी?” “हाव म्हनलं ना, आई.”

राजूर घाट तुम्ही पाहिला आहे का? हिवाळ्यात तिथला साग अर्धामुर्धा झडलेला असतो, पानं वाळून रस्त्याच्या कडेला साचतात, आणि माणसांची गर्दी पाहून बुचकळ्यात पडलेली माकडं कठड्यावर ओळीने बसलेली असतात. पायथ्याशी आम्ही तिघं एकत्र उभे होतो. शिट्टी झाली आणि प्रज्ञा गेली. ती गेली ती खरंच गेली. पहिल्या वळणावर तिची वेणी फिरली नाही. माझा हात सवयीने वर झाला होता, तो मी खाली घेतला. आनंद झाला का? झाला. आणि आनंदाबरोबर दुसरंही काही झालं, ते मी लपवत नाही. ज्या हाताकडे इतकी वर्षं कोणीतरी पाहत होतं, तो हात एकदम रिकामा वाटला.

चढण अर्धीअधिक झाली असेल. माझी चाल चांगली होती, श्वास ताब्यात होता, आणि अचानक डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी जागच्या जागी बसले. कठड्याच्या बुडाशी, पाचोळ्यातच. शुगर नव्हती, ते मला चांगलं समजतं. डोकं स्वच्छ होतं, फक्त पाय माझा राहिला नव्हता. दोन्ही हातांनी पोटरी धरून मी वर पाहिलं. घाटाची मौज अशी की रस्ता स्वतःच्याच डोक्यावरून पुन्हा जातो. बरोबर माझ्या वरच्या रस्त्यावर, कठड्याला लागून, पिवळ्या बनियनवर काळी टेप लावलेली माझी मुलगी धावत होती. आणि तिचं तोंड खाली, माझ्याकडे होतं.

मला त्या क्षणी घाम फुटला तो पायाच्या दुखण्याने नव्हे. ती परत येईल! उलट दिशेने, उतारावर, लोकांना चुकवत येईल, जशी पूर्वी आली होती. मंडपवाले पुन्हा टाळ्या वाजवतील, आणि वसतिगृहाची गाडी दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन जाईल. मी पोटरीवरचा हात सोडला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर केला. सरळ, ताठ, नेहमीपेक्षा उंच. वर हसूही आणलं, एवढ्या लांबून ते दिसणार नाही हे ठाऊक असून. आमच्या घराचा कायदा झाल्यापासून तो पहिला खोटा हात होता. प्रज्ञाने पाहिलं. तिचं पाऊल अडखळलं नाही. ती पुढच्या वळणाआड गेली, आणि मग मी निवांतपणे कण्हून घेतलं.

थोड्याच वेळात किल्ल्या ऐकू आल्या. “काऊन बसल्या मॅडम?” असं विचारत तिचे पप्पा माझ्यापुढे उकिडवे बसले आणि मोटारीचं बेअरिंग चाचपावं तसा माझा पाय चाचपू लागले. त्यांनी खालच्या रस्त्यावरून माझा हात पाहिला होता. “पाय धरून बसली, आन हात वर?” ते म्हणाले. मी पाय लांब केला. मग ते पाय मोकळा होईपर्यंत चोळत राहिले. नंतर आम्ही दोघं चालतच घाट चढलो. शर्यतीतले लोक बाजूने जात होते आणि “चाला ताई, आलं, आलं” म्हणत होते, आणि मला मनातून फार थोर वाटत होतं. घरी गेल्यावर, योग्य वेळ पाहून, मी तिला हे सांगणार होते. आईने काय केलं ते तिला कधीतरी कळायला नको का?

बुलढाण्यात पोचलो तेव्हा प्रज्ञा केळी घेऊन उभी होती. दुसरी आली होती ती. निवड झाली होती. पप्पांनी तिला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण ती आता उचलण्याजोगी राहिलेली नाही. मी तिला जवळ घेतलं, तर ती माझ्या कानाशी हसत म्हणाली, “आई, हात करताना उभं तरी राह्यचं. बसून कोन ठीक हाय म्हनते?”

माझा सगळा थोरपणा तिथेच गळून पडला. तिला दिसलं होतं तर! “मग आली कशी नाहीस?” हे मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज मला हवा तेवढा सहज राहिला नाही.

“तू पाय धरून बसेल होती,” ती केळं सोलत म्हणाली. “शुगर उतरते तवा तू डोक्सं धरते. आन वरून पप्पा दिसत होते, खालच्या वळनावर. ते दोन मिनिटात तुह्यापाशी येनारच होते. मंग मी गेली.”

“आणि मागं पाहायचं नाही असं ठरलं होतं ते?”

“मी कुठं पाह्यलं? रस्ताच मांगं वळला.”

मी रडले. भर रस्त्यात, टाळ्या आणि लाऊडस्पीकरच्या गोंगाटात, केळं हातात धरून रडले. मला वाटत होतं, मी तिला फसवून मोकळी केली. तिने तर धावता धावता, एका नजरेत, सगळं घर पाहून घेतलं होतं: कोण बसलं आहे, कशाने बसलं आहे, त्याच्याकडे कोण पोचतं आहे, आणि आपण तिथे नसलो तरी चालेल, हे ओळखून ती गेली होती. मैदानावरची ती मान वळवणारी मुलगी फक्त हात पाहत होती. घाटातल्या मुलीने माणूस पाहिलं. जी सवय तिच्याकडून काढून घ्यायला मी निघाले होते, ती तिने कधीच मोठी करून ठेवली होती.

आता ती वसतिगृहात असते. हरभऱ्याला पुन्हा घाटे धरले आहेत, आणि उजाडताना पिंपळगावच्या रस्त्यावर दोनच आवाज असतात, एक घासत जाणारा आणि एक किल्ल्यांचा. हलका आवाज नाही, हे पहिले काही दिवस कानाला खुपत होतं, अजूनही खुपतं. दोघांत पुढे मीच असते, त्यामुळे वळून पाहण्याचं काम आता माझ्याकडे आलं आहे. इतकी वर्षं मी फक्त हात वर करणारी होते. पाहणाऱ्याला काय वाटत असतं ते मला ठाऊकच नव्हतं. बाभळीचं वळण आलं की मी थांबते आणि मागे पाहते. धुक्यातून प्रज्ञाचे पप्पा येत असतात, घामेजलेले, एक हात वर केलेला. पूर्वी तेवढं पुरलं असतं. आता मी हात पाहून झाल्यावर आणखी थोडं थांबते, आणि त्यांचे पाय पाहते.